मूठभर मांस, जुडीभर पाला

जपानमध्ये थंडीच्या दिवसांत घरोघरी होणारा एक पदार्थ आहे, जोया नाबे. पातेल्यात पाणी आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, उकळत ठेवायची. त्यात पालकाच्या अख्ख्या काड्या आणि डुकराच्या मांसाचे अगदी पातळ काप थोडे थोडे सोडायचे, मांसाचा गुलाबीपणा पुरता गेला की उचलायचे आणि सोया सॉस व आंबट फळाचा रस एकत्र केलेल्या वाटीत बुडवून खायचे. मसाला नाही, फोडणी नाही, कांदा-खोबऱ्याचं वाटण नाही. रोज रात्री केलं तरी कंटाळा येणार नाही अशी त्याची ख्याती आहे, आणि ती खरी आहे. माझ्या घरी चार माणसांना पाव किलो मांस पुरतं. पालकाच्या मात्र तीन-चार जुड्या सहज संपतात.

हे प्रमाण ऐकून आपल्याकडचा माणूस थबकतो. आपल्या बहुतेक घरांत मटण हा स्वतंत्र प्रसंग असतो. त्याचा वार ठरलेला, त्याचं वाटण वेगळं, काही घरांत तर त्याची भांडीही वेगळी. त्या दिवशी पालेभाजी होत नाही आणि पालेभाजीच्या दिवशी मांसाचा विषय निघत नाही. ताटात पानं आलीच तर रश्श्यावरची चिमूटभर कोथिंबीर. चीन, कोरिया, व्हिएतनाम, लाओस, फिलिपिन्स आणि आपल्याच देशातलं नागालँड, मिझोराम, आसाम इथल्या रोजच्या स्वयंपाकात मात्र अशी फाळणी नाही. तिथे मांस बऱ्याचदा पाल्याला चव देण्यासाठी येतं. पातेलं पाल्याने भरलेलं असतं आणि मांस त्यात मीठ-तेलाच्या नात्याने वावरतं. हे पुस्तक मी त्या एका गोष्टीसाठी लिहिलं. यातल्या पाककृती निवडताना एकच कसोटी लावली: पानं काढून घेतली तर पदार्थ कोसळला पाहिजे. नुसता वेगळा दिसू लागला, तर तो या पुस्तकाचा पदार्थ नव्हे.

मराठी स्वयंपाकाला ही रीत अगदीच परकी आहे असं मात्र नाही. किनाऱ्यावरच्या घरांत पालेभाजीत मूठभर जवळा, सुकट किंवा सोडे पडतात आणि त्या एका मुठीने साऱ्या भाजीचा नूर पालटतो. मलेशियात, फिलिपिन्समध्ये सुकी किंवा आंबवलेली कोलंबी हेच काम करते. पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळं येतात. ती पानं नव्हेत, फुलोऱ्याचे दांडे, पण सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत त्यांत खिमा किंवा कोलंबी घालायची पद्धत जुनी आहे. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत अंबाडी घालून शिजवलेलं गोश्त हा हक्काचा पदार्थ आहे. हैदराबादेच्या खाद्यपरंपरेशी त्याचं सरळ नातं आहे. तेव्हा बी आपल्याकडे आहेच. ते काही घरांच्या, काही समाजांच्या अंगणात राहिलं, सगळ्यांच्या ताटात आलं नाही.

आणि जे ‘चायनीज’ आपल्या सगळ्यांच्या ताटात आलं, त्यातून नेमका पालाच गळाला. कोलकात्यात स्थायिक झालेला चिनी समाज मोठ्या प्रमाणावर हक्का. टांगऱ्यात त्यांचे कातडी कमावण्याचे कारखाने होते आणि पुढे तिथेच त्यांची खानावळी-हॉटेलं उभी राहिली. त्याच कोलकात्यातून मुंबईत आलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगितलं जातं. लसूण, आलं, हिरवी मिरची ही आपली ओळखीची मंडळी, त्यांत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. पदार्थ हुशारीचा होता आणि तो देशभर गेला. त्याच्या पाठोपाठ गल्लोगल्ली चायनीजच्या गाड्या लागल्या आणि त्या गाड्यांवर भाजी म्हणजे कोबी, गाजर, शिमला मिरची एवढंच उरलं. हक्का समाजाच्या स्वतःच्या घरात सणासुदीला होणारा एक पदार्थ आहे: मोहरीचा पाला खारवून, सुकवून ठेवायचा आणि डुकराच्या पोटाकडच्या चरबीदार मांसाबरोबर तासन्‌तास वाफवायचा, इतका की पाल्याने चरबी पिऊन घ्यावी आणि मांसाने पाल्याची आंबूस खारट चव. हक्का नाव आपल्याकडे नूडल्सला चिकटलं. हा पदार्थ त्या गाड्यांपर्यंत कधी पोचला नाही.

मला या विषयाकडे खेचून नेणारी गोष्ट भाजीबाजारात आहे. आशियातल्या या पदार्थांची यादी करून त्यांतल्या पानांची नावं मराठीत लिहायला बसलं, तर यादीतली निम्म्याहून अधिक पानं आपल्या मंडईत बसलेली सापडतात. फिलिपिन्समध्ये तिनोला नावाचा कोंबडीचा आल्याचा पातळ रस्सा करतात, त्यात शेवटी पडतो तो शेवग्याचा पाला. ब्रह्मदेशात ज्या आंबट पाल्याशिवाय घर चालत नाही ती आपली लाल अंबाडी. चीनमध्ये लसणाबरोबर रश्श्यात सोडतात तो माठ. व्हिएतनाममध्ये कोलंबीच्या किंवा खिम्याच्या पातळ सारात घालतात तो मायाळू. तैवानमध्ये रताळ्याचा कोवळा पाला आवडीने परततात. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी गुरांपुढे जातो. आणि सगळ्या आग्नेय आशियात ज्याच्यावाचून पान हलत नाही, तो पोकळ देठाचा कांगकाँग म्हणजे तळ्याकाठी, पाणथळीत वाढणारी आपली नाळीची भाजी. ती घेताना मात्र कुठल्या पाण्यात वाढली ते विचारावं. शहरातल्या नाल्याकाठची नाळी कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नये, आणि खात्रीची असली तरी कच्ची खाऊ नये.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना ही यादी उलट्या बाजूने उपयोगी पडेल. मेथीची जुडी न मिळणाऱ्या गावातही व्हिएतनामी किंवा चिनी दुकान बऱ्याचदा असतं, आणि तिथे माठ, मायाळू, अळू, शेवगा वेगळ्या नावांच्या पाट्यांखाली पडलेले असतात. अमेरिकेत नाळीची गोष्ट वेगळी. तिथल्या केंद्रीय सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत तिचं नाव आहे, त्यामुळे काही राज्यांत ती सहज मिळत नाही. तिथे पालक चालवून घ्यावा.

या सगळ्या पानांत मी सर्वांत जास्त रमले ती अळूत. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या आग्नेय टोकाला बिकोल नावाचा प्रदेश आहे. मायोन ज्वालामुखी याच प्रदेशात. नारळ मुबलक, मिरची भरपूर, आणि इथला नामांकित पदार्थ लाइंग. अळूची पानं सुकवायची, नारळाच्या दुधात आलं, लसूण, मिरच्या, डुकराच्या मांसाचे थोडे तुकडे आणि आंबवलेल्या कोलंबीचा चमचाभर गोळा घालून मंद आचेवर ठेवायची. दूध आटतं, नारळाचं तेल सुटतं, पानं काळपट हिरवी आणि लोण्याहून मऊ होतात. लाइंग करणारे एक नियम निक्षून सांगतात: पानं दूध पिऊन शिजेपर्यंत पळी फिरवायची नाही, नाहीतर घशाला खाज सुटते. खाजेचं कारण आपल्याला ठाऊक आहे. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात आणि ते घशाच्या नाजूक त्वचेत रुततात. त्यावरचा उपाय मात्र प्रत्येक प्रदेशाने आपापला काढला. आपण अळूच्या फदफद्यात चिंच घालतो, आंबट चुका घालतो. शेवळांना काकडाची आंबट फळं लागतात. बिकोलमध्ये पानं वाळवून आणि नारळाच्या दुधात दीर्घकाळ शिजवून तेच साधतात.

तिसरा उपाय नागालँडचा. आओ नागा लोक अळूची पानं रचून गुंडाळून ठेवतात, ती पिवळी पडून आंबू लागली की कुटतात, त्या लगद्याच्या वड्या थापतात आणि चुलीवरच्या धगीवर किंवा उन्हात पक्क्या वाळवतात. हीच अनिशी. काळसर, कठीण, धुराच्या वासाची. तिचा तुकडा फोडून धुरावलेल्या डुकराच्या मांसात मिरचीबरोबर टाकला की रस्सा गडद होतो आणि त्याला जी खोल, कडवट-आंबूस चव येते ती दुसऱ्या कशानेही आणता येत नाही. तेल घालावं लागत नाही. मांसाची चरबी पुरते. एकच पान कोकणात चिंचगुळाशी, बिकोलमध्ये नारळाशी आणि आओ नागांच्या मोकोकचुंगमध्ये धुराशी जोडलं गेलं. अळूचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांबलं आहे त्याचं कारण हे. लाइंग आपल्या कोकणी घरात पहिल्या दिवसापासून रुळेल याची मला खात्री आहे, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू परसात किंवा फडताळात असते. आंबवलेल्या कोलंबीऐवजी मी जवळा भाजून, कुटून घेते. डुकराचं मांस नको असेल तर कोंबडीच्या मांडीचे चरबीसकट तुकडे घ्यावेत. निव्वळ छातीचं मांस तिथे कोरडं पडतं.

अळूइतकं सोपं नसलेलं एक पान आहे आणि त्याबद्दल स्पष्ट लिहिणं मला आवश्यक वाटतं. थायलंडचा सर्वांत रोजचा, रस्त्यावर आणि घरात सारखाच आवडता पदार्थ म्हणजे पाड कप्राव. लसूण-मिरची ठेचून तापल्या तेलात टाकायची, खिमा परतायचा, मासळीचा सॉस आणि चिमूटभर साखर, आणि आच बंद करता करता मूठ-दोन मूठ कप्रावची पानं. भात आणि वर कडा कुरकुरीत झालेलं अंडं. कप्राव म्हणजे तुळस. आपल्या वृंदावनातली जी तुळस, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तीच जात. ज्या घरात सकाळी तिला पाणी घातलं जातं, तिथे तिची पानं खिम्यात घालायला हात धजावत नाही, आणि ही भावना बाजूला सारा असं मी कुणालाही सांगणार नाही. थायलंडमध्ये तिच्याकडे पाहण्याची रीत वेगळी आहे, इतकंच. ज्यांना चालतं त्यांनी जरूर करावं; लवंगेची आठवण करून देणारा तिचा तिखटपणा मांसाच्या चरबीला कापतो. ज्यांना नको त्यांच्यासाठी मी सब्जाच्या पानांची पाककृती दिली आहे. फालुद्यात ज्याचं बी भिजवतो तो सब्जा. थायलंडमध्ये त्याच जातीची गोडसर, बडीशेपेच्या वासाची तुळस कोंबडीबरोबर परततात आणि तो तिथला स्वतंत्र, मानाचा पदार्थ आहे. तेव्हा सब्जा वापरणाऱ्याच्या ताटात तडजोड आली असं मानायचं कारण नाही.

काही पानं मी जाणूनबुजून वगळली. व्हिएतनाममध्ये खिमा ज्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात, ती पानं दिसायला हुबेहूब विड्याच्या पानासारखी असतात आणि दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. पण आपलं विड्याचं पान भाजलं की उग्र आणि कडू होतं. बदली चालत नाही, म्हणून पदार्थ घेतला नाही. कोरियात भाजलेलं मांस लेट्यूस आणि पेरिलाच्या पानात घडी घालून खातात. पेरिला आपल्या मंडईत नसतो आणि कच्ची पानं खायची तर ती धुण्याची काळजी फार घ्यावी लागते. त्याऐवजी कोरियाचाच दुसरा पदार्थ घेतला आहे, जो मला आपल्यासाठी जास्त मोलाचा वाटतो. तिथे मुळा काढल्यावर त्याचा पाला फेकत नाहीत. तो दोरीवर टांगून सावलीत वाळवतात. त्याला शिरेगी म्हणतात. थंडीत तो भिजवून, मऊ उकडून, डुकराच्या पाठीच्या हाडांच्या रश्श्यात सोडतात, सोबत आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. आपल्याकडे मुळ्याचा कोवळा पाला भाजीत जातो, जून पाला मंडईतच खुडून टाकतात. तो मागून घ्यावा. मटणाच्या नळ्यांच्या सुपात वाळवलेला मुळ्याचा पाला इतका छान लागतो की पुढच्या वेळी हाडं कमी आणि पाला जास्त घालावासा वाटतो.

थोडं मांस एवढ्या पाल्याला कसं पुरतं, याचं उत्तर जपानमधल्या प्रयोगशाळांनी दिलं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची एक चव आहे असं मांडलं. पुढे त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशात त्याच जातीची चव देणारं दुसरं द्रव्य, इनोसिनेट, शोधलं. ते मांसातही भरपूर असतं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. सोया सॉस, मासळीचा सॉस, आंबवलेल्या सोयाबीनची किंवा कोलंबीची पेस्ट, या सगळ्यांत ग्लुटामेट असतं. मांस इनोसिनेट आणतं. म्हणून शंभर ग्रॅम खिमा आणि दोन चमचे सॉस अर्धा किलो पाल्याला पुरतो. शिवाय पाल्यातलं लोह शरीराला एरवी कमीच लाभतं. सोबत मांस असलं तर ते अधिक शोषलं जातं, हे पोषणशास्त्रात पक्कं झालं आहे. ज्या घरात मांस परवडत नाही म्हणून महिन्यात एकदाच येतं, त्या घरासाठी हे सगळं फार कामाचं आहे. अर्धा किलो मटण एका बैठकीत संपवण्यापेक्षा त्याचे चार दिवस करता येतात आणि चारही दिवस ताट चविष्ट लागतं.

आता आच. पालेभाजी मांसाबरोबर बिघडते ती बहुतेक वेळा आचेपायी. आपल्या घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरची ताकद अडीच-तीन किलोवॅटच्या आसपास असते; कँटनी हॉटेलातल्या कढईखाली तिच्या दहापट किंवा त्याहून जास्त. त्यामुळे तिथला आचारी एकाच वेळी सगळं टाकून दोन मिनिटांत उतरवतो आणि आपण तसं करायला गेलो की मांस पाणी सोडतं, पाला त्या पाण्यात शिजतो आणि ताटात करडा लगदा येतो. उपाय मोठी शेगडी नाही. लोखंडी कढई धूर येईपर्यंत कोरडी तापवावी, मग तेल, मग मांस, तेही एका वेळी पाव किलोहून जास्त नाही. काप तळाला पसरून क्षणभर हलवू नयेत, एक बाजू रंगू द्यावी. मग काढून ठेवावं. त्याच कढईत लसूण-आलं, देठ, आणि देठांचा कच्चेपणा मोडल्यावर पानं. पानं सुकली की मांस परत आत, सॉस, दोन वेळा उलटसुलट, उतरवावं. पाला धुतल्यावर नीट निथळलेला हवा. पानांवर राहिलेलं पाणी कढईची सगळी ऊब खातं.

देठ आणि पान वेगळे करणं ही या साऱ्या स्वयंपाकातली सर्वांत महत्त्वाची क्रिया आहे आणि मी ती प्रत्येक पाककृतीत पुन्हा पुन्हा लिहिली आहे, वाचकाला कंटाळा आला तरी चालेल. काय लान या चिनी पालेभाजीचे किंवा आपल्या मोहरीचे जाड देठ शिजायला दोन-तीन मिनिटं घेतात, पान अर्ध्या मिनिटात होतं. दोन्ही एकत्र टाकले तर एक कच्चं राहणार, नाहीतर दुसरं मरणार. पानांचा हिरवा रंगही वेळेशी बांधलेला आहे. हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आम्ल मिळालं की ते निघून जातं आणि पान शेवाळी तपकिरी होतं. म्हणून पाला उकळत्या, भरपूर, मीठ घातलेल्या पाण्यात झाकण न ठेवता अर्धा-एक मिनिट बुडवून काढावा, आणि लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर असेल तर ते अगदी शेवटी. सिनिगांगसारख्या फिलिपिनो चिंचेच्या रश्श्यात नाळीची पानं आच बंद केल्यावर घालतात ती याचसाठी. अंबाडीला हा नियम लागू नाही. तिच्यात आंबटपणा अंगचाच आहे, ती काळपट होणार आणि तशीच चांगली लागणार.

मांसाच्या बाबतीत आपल्याकडे एक खरी अडचण आहे. या पदार्थांतलं पुष्कळसं मांस डुकराचं किंवा गाईगुरांचं. डुकराचं मांस गोव्यात, वसईत, वांद्र्याला सहज मिळतं, उरलेल्या महाराष्ट्रात शोधावं लागतं, आणि अनेक घरांत ते येतच नाही. गोवंशाच्या कत्तलीवर महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर पूर्ण बंदी आहे. म्हशीचं मांस चालतं. म्हणून मी प्रत्येक पदार्थ शक्य तिथे कोंबडी किंवा बोकडाच्या मटणात बसवून पाहिला आणि जिथे बसला नाही तिथे मूळ मांसच ठेवलं. सर्वांत समाधान दिलं ते उत्तर चीनमधल्या एका पदार्थाने: मेंढीचं मांस पातळ कापून भरपूर कांद्याच्या पातीबरोबर प्रखर आचेवर परतायचं. आपल्या बोकडाची मांडी अर्धवट गोठवून, तंतूंना आडवी, अगदी पातळ कापली की तो उत्तम होतो. मटण चिवट असेल तर पाव किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून वीस मिनिटं ठेवावं आणि चांगलं धुऊन घ्यावं. सोड्याने मांसातली प्रथिनं आवळत नाहीत, पाणी धरून ठेवतात. मग सोया सॉस, कॉर्नफ्लोअर आणि तेल प्रत्येकी एक चमचा लावून कढईत. मटण असं पाच मिनिटांत होऊ शकतं यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. जानेवारीत ओल्या लसणाची पात आली की सिच्वानचा एक प्रसिद्ध पदार्थ करावा, ज्यात मांस आधी उकडतात, मग कापून तिखट पेस्टबरोबर चरबी सुटेपर्यंत परततात आणि लसणाची पात घालतात. त्याला मात्र डुकराचं पोटाकडचं मांसच हवं. दुसऱ्या कशानेही तो होत नाही.

बाटल्यांची यादी मी मुद्दाम लहान ठेवली. फिका सोया सॉस, मासळीचा सॉस, ऑयस्टर सॉस आणि आंबवलेल्या सोयाबीनची एक पेस्ट, एवढ्या चार वस्तूंवर पुस्तकातल्या बहुतेक पाककृती होतात. ईशान्येकडच्या पदार्थांना तर यांतली एकही लागत नाही. मिझोरामचं धुरावलेलं डुकराचं मांस आणि मोहरीचा पाला यांचा रस्सा मीठ, मिरची, आलं एवढ्यावर उभा राहतो. आसामात लाई शाकाबरोबर डुकराचं मांस करतात, तेही मोजक्याच मसाल्यात. ज्यांना परक्या सॉसची धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी. आणि गोडा मसाला, गरम मसाला, कांद्या-खोबऱ्याचं वाटण यांतलं काहीही या पदार्थांत घालू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते आपल्या जागी थोर आहेत. इथे ते पानाचा वास झाकतात.

पुस्तकाची मांडणी देशांनुसार नाही, पानांनुसार आहे. चीनचं प्रकरण, थायलंडचं प्रकरण असं केलं असतं तर वाचक आधी पदार्थ ठरवून मग पान शोधत फिरला असता. पालेभाजीच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. मंडईत जे चांगलं दिसलं ते घ्यायचं आणि मग काय करायचं ते पाहायचं. म्हणून माठ, मायाळू, अळू, अंबाडी, नाळी, शेवगा, मोहरी, मुळा, पालक, शेपू, कांद्याची आणि लसणाची पात, अशी प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला ते पान कोणत्या महिन्यांत कोवळं असतं, जुडीतून किती पाला हाती लागतो आणि देठ ठेवायचे की टाकायचे ते दिलं आहे. शेपूच्या प्रकरणाबद्दल एक शब्द जास्त. शेपू न आवडणारी माणसं घराघरात आहेत. लाओसमधल्या लुआंग प्राबांगला ओर लाम नावाचं, वांगी घालून दाटसर केलेलं मांसाचं कालवण असतं आणि त्यात शेपू मूठमूठ पडतो. मांसाच्या रश्श्यात शेपूचा उग्रपणा विरतो आणि सुवास तेवढा राहतो. शेपूचं नाव काढताच पानावरून उठणाऱ्यांना मी हे वाढलं आहे, आणि त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आहे.

सर्व प्रमाणं चार माणसांसाठी आहेत आणि सोबत भात धरला आहे. पोळी-भाकरीबरोबर यांतले पातळ पदार्थ नीट लागत नाहीत. पाला निवडून, धुऊन, देठासकट वजन केलेला आहे, कारण जुडीचा आकार गावागणिक बदलतो. चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा, पाच मिलिलिटरचा. मीठ जवळजवळ कुठेही वेगळं लिहिलेलं नाही. सॉस खारट असतात, शेवटी चव पाहूनच घालावं. पावसाळ्यात पुस्तक हाती आलं तर अळूपासून सुरुवात करावी, थंडीत आलं तर मोहरीपासून. उन्हाळ्यात पालेभाज्या महाग आणि सुकलेल्या असतात. तेव्हा मायाळूची वेल कुंडीतही भरभरून येते.